रानाचे पाहुणे



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा 'विद्यार्थ्यांच्या रानसहली' एवढेच मी कळविले होते. पत्रिकेत तो 'उष्ण कटिबंधातील साहस व निसर्गपर्यटन' असा छापून आला. नाव भारदस्त आहे आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही. मात्र 'उष्ण कटिबंध' हे शब्द वाचून कोणी आफ्रिकेतल्या किंवा ब्राझीलमधल्या अरण्यांची वर्णने ऐकावयास आले असेल, तर त्यांची थोडी निराशा होईल. आपण ज्या मांडवात बसलो आहोत, तो मांडवच उष्ण कटिबंधात आहे. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर आणि आपले बोळिंज साडेएकोणीस अंशांच्या आसपास. मे महिन्याच्या मध्यास भर माध्यान्ही अंगणात एक काठी उभी रोवून पाहा. सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि क्षणभर काठीची सावली नाहीशी होते. जुलैच्या अखेरीस पुन्हा तसेच घडते, पण तेव्हा ढग ते पाहू देत नाहीत. हे भाग्य लंडन-पॅरिसचे तर नव्हेच, दिल्लीचेही नव्हे. परदेशांतली विद्यार्थ्यांची टोळकी पाठीवर पिशव्या बांधून, हजारो रुपये मोजून जो प्रदेश पाहावयास जातात, तो आपल्या दाराशी आहे. आणि आपली मुले तो मोबाईलवर पाहतात.

आपल्याकडे 'पर्यटन' हा शब्द रुळण्यापूर्वी 'वनभोजन' हा शब्द होता. कार्तिक महिन्यात घरची मंडळी आवळ्याच्या झाडाखाली जेवावयास जात. आधी त्या झाडाची पूजा व्हायची, मग पाने मांडली जायची. लहानपणी मला ती पूजा म्हणजे जेवणाला उगाच केलेला उशीर वाटे. पुढे पुष्कळ वर्षांनी ध्यानात आले की ज्याच्या घरी जेवावयाचे, त्याला आधी नमस्कार करावयाचा, एवढीच त्यातली गोष्ट आहे. आवळा तिथला यजमान, आपण पाहुणे. शाळांच्या सहली सुरू झाल्या तेव्हा त्यांतून भोजन तेवढे राहिले आणि यजमान कोण हा प्रश्न मागे पडला. माझ्या हातूनही तो मागे पडला होता. तो कसा, ते आज सांगावयाचे आहे.

२००८ सालचा डिसेंबर महिना. मी तेव्हा एका शाळेत शिकवीत असे. नववी-दहावीची अडतीस मुले आणि आम्ही तीन शिक्षक असे तुंगारेश्वरला निघालो. तुंगारेश्वर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले असेल. निदान महाशिवरात्रीला तरी. सातिवलीजवळ महामार्ग सोडला की वनखात्याची चौकी लागते आणि तेथून ओढा पुन्हा पुन्हा ओलांडीत वाट देवळापर्यंत जाते. हे रान अभयारण्य म्हणून २००३ साली जाहीर झाले. विस्तार सुमारे पंचाऐंशी चौरस किलोमीटर. दक्षिणेला खाडीपलीकडे बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, पूर्वेला तानसाचे रान, आणि या दोहोंमधला दुवा म्हणजे आपला तुंगारेश्वर. साग, ऐन, कुडा, मोह, काटेसावर, आणि मधूनच पांढऱ्या फटफटीत खोडाचा कहांडोळ. मुलांना मी तो कहांडोळ दाखविला. चांदण्यात तो उभ्या माणसासारखा दिसतो, असेही सांगितले. त्या रात्री त्याची आठवण होण्याची वेळ माझ्यावर येणार आहे, हे मला ठाऊक नव्हते.

देवळापाशी जेवणे झाली. वेळ होता, मुले उत्साहात होती, आणि मी त्या डोंगरावर पूर्वी चार-पाच वेळा गेलेलो होतो. चार-पाच वेळा! आज मला ह्या आकड्याचे हसू येते. आम्ही वरच्या माथ्याकडे निघालो. वाटाड्या घ्यावा असे एका तरुण शिक्षकाने सुचविले होते. "वाट माझ्या पायाखालची आहे," असे मी म्हणालो. चढ संपला, पठार लागले, पश्चिमेकडे समुद्राची पट्टी दिसली, मुलांनी आरोळ्या ठोकल्या. साडेचार वाजता उतरावयास लागलो. सव्वापाचला मुले मोजली तर छत्तीस.

आता ह्या उष्ण कटिबंधाचा एक गुण आपण ध्यानात घ्यावा, कारण तो पुस्तकात असतो पण पायांना माहीत नसतो. उत्तरेकडच्या देशांत सूर्य तिरपा, रेंगाळत मावळतो. तेथे संधिप्रकाश तास-दीड तास पुरतो. आपल्याकडे तो जवळजवळ उभाच खाली जातो. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास, आणि त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत झाडीत हात दिसेनासा होतो. इंग्रजी साहसकथा वाचून वाढलेल्या मला अजून पुष्कळ उजेड आहे असे वाटत राहिले. सहा वाजून वीस मिनिटांनी तो नव्हता.

दोघे मुलगे जवळची वाट म्हणून एका कोरड्या ओढ्यात उतरले होते. ओढा नेहमी खालीच जातो, म्हणजे आपणही खाली पोहोचू, हा त्यांचा तर्क. तर्क बरोबर होता. फक्त डोंगराला दोन बाजू असतात. आम्ही सातिवलीच्या बाजूने उतरत होतो आणि ते पारोळच्या बाजूने. शिवाय आपल्या डोंगरांतले ओढे पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात. मध्येच पंचवीस-तीस फुटांचा कडा येतो, पावसाळ्यात तोच धबधबा असतो. अशा एका पायरीवरून एकाचा पाय घसरला आणि घोटा मुरगळला. मोबाईल दोघांजवळही नव्हता. माझ्याजवळ होता, पण त्याला संपर्क मिळत नव्हता.

छत्तीस मुले दोन शिक्षकांबरोबर खाली धाडून मी चौकीवरच्या एका रक्षकाला घेऊन परत वर गेलो. हाका मारल्या. रानात हाक मारून पाहा, ती कोठून परत येते ते कळत नाही. साडेआठच्या सुमारास हात हलवीत चौकीपाशी परतलो, तेव्हा त्या दोघांपैकी एकाचे वडील तेथे येऊन उभे होते. रेल्वेतली नोकरी, डबल ड्यूटी करून आलेले. मी काय बोलावे ते मला सुचेना. त्यांनी काही विचारले नाही. हातातली पाण्याची बाटली माझ्यापुढे केली. त्या गृहस्थांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

सव्वानऊला पारोळच्या एका दुकानातून चौकीत फोन आला. मुले सापडली होती. खरे म्हणजे मुलांनी आम्हांला शोधले नाही, आम्ही त्यांना शोधले नाही. त्यांना एका वारली गृहस्थाने शोधले. संध्याकाळी गुरे परत आणताना त्याने ओढ्यात रडण्याचा आवाज ऐकला. ज्याचा पाय दुखावला होता त्याला पाठीवर घेऊन तो आपल्या पाड्यावर गेला. शेकोटी केली, पाय बांधला, तांदळाची भाकरी आणि कोरा चहा दिला, आणि मग दोघांना रस्त्यापर्यंत घेऊन आला. आम्ही गाडी करून पारोळला पोहोचलो तेव्हा तो दुकानाच्या पायरीवर बसला होता. मी पाचशेची नोट पुढे केली. त्याने ती घेतली नाही. आपल्या बोलीत त्याने जे विचारले त्याचा आशय असा, की वाट माहीत नव्हती तर पाड्यावर येऊन सांगितले का नाही, कोणीतरी आले असते की बरोबर.

साधा प्रश्न होता. माझ्याजवळ त्याचे उत्तर नव्हते. पाडा तेथे आहे हेच मी धरून चाललो नव्हतो. रान म्हणजे झाडे, पक्षी, फार तर बिबट्या. त्यात माणसे राहतात, त्यांच्या वाटा आहेत, त्यांच्या वाघोबाची जागा आहे, हे मी मुलांना भूगोलाच्या तासाला शिकवीत असे आणि डोंगरावर विसरलो होतो.

पुढचे थोडक्यात सांगतो. संस्थेची सभा झाली, आणि ह्यापुढे रानात सहल न्यावयाची नाही असा ठराव झाला. त्यानंतर दोन वर्षे आमची मुले भाड्याच्या बसमध्ये बसून पाण्याच्या घसरगुंड्यांवर जाऊन आली. दोष माझा होता, शिक्षा मुलांना झाली.

असे ठराव का होतात हे मला समजते. २०१४ च्या जूनमध्ये हैदराबादचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी हिमाचलात बियास नदीच्या पात्रात छायाचित्रे काढावयास उतरले. वरच्या धरणातून पाणी सुटले आणि चोवीस मुले वाहून गेली. २०१८ च्या मार्चमध्ये तामिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरावर वणव्यात पदभ्रमण करणाऱ्यांपैकी वीसहून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षी जुलैत आपल्या चिंचोटीच्या धबधब्यावर लोंढा आला, शंभराच्या आसपास माणसे अडकली, आणि एकाचा बळी गेला. चिंचोटीला तर दर पावसाळ्यात कोणी ना कोणी बुडतो, आणि दर पावसाळ्यात मनाईहुकूम निघतो. तो हुकूम योग्यच आहे. वर दाटून आले की खालचे पाणी किती मिनिटांत चढेल हे पोहता येणाऱ्यालाही कळत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. सहली नेणाऱ्यांची नोंदणी, प्रशिक्षित माणसे, सुरक्षिततेची साधने, अशा गोष्टी त्यात आहेत. त्या हव्यातच. पण ह्या सर्व घटनांकडे मी जेव्हा पुन्हा पुन्हा पाहतो, तेव्हा मला दोर किंवा शिरस्त्राण ह्यांच्या अभावाआधी दुसराच एक अभाव दिसतो. धरण केव्हा सुटते, गवत कधी पेटते, ओढा कधी फुगतो, हे जाणणारी माणसे तेथून हाकेच्या अंतरावर राहत असतात. त्यांना आपण विचारत नाही. चिंचोटीच्या ओढ्यात कोणत्या खडकाखाली भोवरा आहे ते तिथल्या पाड्यावरचे दहा वर्षांचे पोर सांगेल.

एक आडकथा सांगतो. आमच्या त्या फजितीनंतर काही महिन्यांनी, २००९ च्या उन्हाळ्यात, पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक वयस्क बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून, गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा घालून माळशेज घाटात सोडण्यात आले. विद्या अत्रेय ह्या संशोधिकेचे ते काम. बिबट्याचे नाव ठेवले 'आजोबा'. हे आजोबा सुमारे महिनाभरात सव्वाशेच्या आसपास किलोमीटर चालले. रेल्वेमार्ग ओलांडला, महामार्ग ओलांडला, वसईकडच्या कारखान्यांच्या कडेने आले, खाडी पोहून पलीकडे गेले आणि बोरिवलीच्या उद्यानात पोहोचले. वाटेत कोणा माणसाला त्यांनी नख लावले नाही. आपण माणसे दिवसा निर्धास्त चालतो आणि रात्री घाबरतो. ते दिवसा दडून बसत आणि रात्री चालत. पाहुण्याने कसे वागावे हे त्या जनावराला कळत होते. २०११ च्या अखेरीस रस्ता ओलांडताना वाहनाच्या धडकेने ते गेले. त्यांच्यावर पुढे मराठीत चित्रपटही निघाला. आपल्या मुलांना त्या बिबट्याची वाट नकाशावर काढावयास द्यावी. भूगोलाचा त्याहून चांगला धडा मला माहीत नाही.

असो. २०१२ च्या मार्चमध्ये एका महाविद्यालयाच्या निसर्गमंडळाने मला बरोबर बोलाविले. ह्या खेपेस मी नेता नव्हतो, पंचवीस मुलामुलींमधला एक म्हातारा होतो. जावयाचे होते वेळासला. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या किल्ल्याजवळ. नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून इतिहासाच्या पुस्तकात त्याचा उल्लेख येतो. आता ते कासवांचे गाव म्हणून ओळखले जाते. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या रात्री वाळूत येऊन खड्डा करतात, शंभर-सव्वाशे अंडी घालतात, खड्डा बुजवून परत जातात. पुन्हा वळून पाहत नाहीत. पूर्वी ती अंडी कोल्ही, कुत्री आणि माणसे ह्यांच्या पोटात जात. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्गमित्र' ह्या संस्थेने २००२ पासून तेथे अंडी राखण्याचे काम सुरू केले. त्यांचे मोठे शहाणपण असे की त्यांनी गावाला बाजूला सारले नाही. राखणदार गावचेच नेमले. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुण्यांची सोय हॉटेलात न करता गावातल्या घरांतून केली. जो पैसा यावयाचा तो घराघरांत येऊ लागला. वाळूतले अंडे खाण्यापेक्षा राखण्यात घराचा फायदा आहे हे पटवून देण्यास मग व्याख्यात्याची गरज उरली नाही.

आमची मंडळी पोहोचली ती शहरातल्या थाटात. एकाने गाणी वाजविण्याचा डबा आणला होता. ज्यांच्या ओटीवर आमची पथारी होती त्या काकूंनी तो डबा उचलून कोनाड्यात ठेवला आणि म्हणाल्या, "जाताना आठवणीनं घेऊन जा हो." बस्स, एवढेच. दोन दिवस तो डबा तेथून हलला नाही. माझ्या पंचवीस वर्षांच्या मास्तरकीत इतकी परिणामकारक ताकीद मला कधी देता आली नाही. जेवण त्या घरात शिजेल ते. आमटी, भात, कुळथाचे पिठले, सकाळी घावन. वेगळे काही मागावयाचे नाही. पाणी विहिरीचे, आणि ते शेंदावयाचे काम मुलांनी आपण होऊन वाटून घेतले.

पहिल्या संध्याकाळी किनाऱ्यावर दोरीमागे आम्ही ओळीने बसलो. राखणदाराने जाळीच्या कुंपणातल्या टोपल्या एकेक करून उचलल्या. कोणत्याही टोपलीखाली पिल्लू नव्हते. मुले हिरमुसली. एक जण म्हणाला, "सर, आपण पैसे भरलेत!" मी उत्तर शोधीत होतो तेवढ्यात काकूंचा मुलगा हसून म्हणाला, "त्यांना नाही ना माहीत, तुम्ही पैसे भरलेत ते." दुसऱ्या दिवशी पहाटे तीन पिल्ले निघाली. पंचवीस जणांमध्ये तीन पिल्ले! तळहाताएवढीही नाहीत. वाळूत ठेवली तेव्हा ती थोडा वेळ थांबली, मग समुद्राच्या उजेडाकडे वळून हातवल्ह्यांनी सरकू लागली. त्यांना उचलून पाण्यात का सोडावयाचे नाही, ते राखणदाराने समजावून सांगितले: तेवढी वाळू त्यांनी स्वतःच तुडवावी लागते. लाट आली, एक मागे फेकले गेले, पुन्हा निघाले. कोणी बोलत नव्हते. ज्याने पैशांची आठवण केली होती, तो दोरीला दोन्ही हातांनी धरून उभा होता.

वेळासच्या त्याच किनाऱ्यावर २०२२ च्या जानेवारीत एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारे यंत्र बसविण्यात आले; तिचे नाव 'प्रथमा'. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर असे पहिल्यांदाच झाले. मला ही बातमी त्या मुलांपैकी एकीने फोन करून कळविली. ती आता बँकेत आहे. कासवांशी तिचा धंद्याने काही संबंध नाही.

अशी उदाहरणे आणखीही आहेत. वेंगुर्ल्याजवळ मांडवीच्या खाडीत 'स्वामिनी' नावाच्या बचतगटाच्या बायका २०१७ पासून स्वतः होडी वल्हवीत पाहुण्यांना तिवरांचे रान दाखवितात. सातासमुद्रांपलीकडे कोस्टारिका नावाचा लहानसा देश आहे. तेथल्या मोंतेवेर्देच्या ढगांतल्या अरण्याची हकिकत स्वीडनमधल्या एका खेड्यातल्या शाळेत पोरांनी १९८७ साली वर्गात ऐकली. ते रान तोडले जाते म्हणता, मग आपण विकत का घेत नाही, असे एका पोराने विचारले. त्यांनी पैसे गोळा केले, मग इतर देशांतल्या पोरांनीही केले, आणि आज तेथे बावीस हजार हेक्टरांहून मोठे 'मुलांचे अरण्य' उभे आहे. ऐकताना फार गोड वाटते. पण मला त्यात एक बोच लागते: आपल्या मुलांना तुंगारेश्वर वाचवावा असे वाटण्यासाठी आधी तो त्यांनी पाहिलेला तरी हवा ना?

बोळिंजचीच गोष्ट घ्या. वाड्या, पानवेली, केळी, मोगरा, विहिरींवरचे रहाट ज्यांनी पाहिले ते श्रोते ह्या मांडवात आहेत. आणि ज्यांच्या इमारती त्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिल्या तेही आहेत. दोघांचे स्वागत आहे, भांडण नको. वसई-विरारची वस्ती २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर गेली होती. ह्या नव्या इमारतींतल्या दहा मुलांना मी मागे विचारले, की वैतरणा नदी समुद्राला कोठे मिळते? एकालाही सांगता आले नाही. अर्नाळ्याच्या पलीकडे, येथून दोन कोसांवर. सोपाऱ्याचा स्तूप त्याहूनही जवळ आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यास सापडला, आणि १९५६ साली भुईगावास दुसरा. दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी गलबते ज्या बंदराचे नाव घेत येथे येत, त्या बंदराच्या शेजारी राहून आमची मुले साहसासाठी मनालीला जातात. मनालीला जाऊ नये असे नव्हे. पण आधी अंगण, मग परगाव.

तेव्हा ह्या वर्षी आम्ही चार-पाच जणांनी एक बेत केला आहे, तो सांगून थांबतो. पावसाळा संपला की कार्तिकात, पंधरा मुले, त्याहून जास्त नाहीत. पहिल्या रविवारी सोपाऱ्याचा स्तूप, चालत. दुसऱ्या रविवारी अर्नाळ्याहून होडीने किल्ल्याच्या बेटावर आणि ओहोटीच्या वेळी वैतरणेच्या तोंडाशी तिवरांत. चिखल गुडघ्यापर्यंत लागतो, चांगले कपडे घालून येऊ नये. तिसऱ्या रविवारी तुंगारेश्वर, वनखात्याची रीतसर परवानगी काढून, देवळापर्यंतच. दुपारी तीन वाजता परतीची वाट धरावयाची. घड्याळ माझ्याकडे राहणार नाही. वर्गणी माणशी साडेतीनशे रुपये ठरली आहे, आणि तीत होडीवाल्याचे भाडे व रानात बरोबर येणाऱ्या दोघा वाटाड्यांचा दिवसाचा रोज धरलेला आहे. त्यांपैकी एक जण पारोळच्या बाजूच्या पाड्यावरचा आहे. त्याच्या वडिलांना मी २००८ साली पाचशे रुपये देऊ केले होते. गेल्या महिन्यात बेत सांगावयास गेलो तेव्हा म्हातारा खाटेवर बसला होता. त्याने मला ओळखले आणि पहिली चौकशी केली ती त्या मुलाच्या घोट्याची.